ताईंच्या नावाने उघडणारा संगणक

दवाखान्याचा सर्व्हर मी पायाने बंद पाडला. टेबलाखाली गेलेलं पेनचं टोपण पायानेच ओढायला गेलो, अंगठ्यात वायर अडकली, मी हिसका दिला आणि आत तीन डॉक्टरांसमोरचे पडदे एकदम काळे झाले. बाहेर चाळीसेक पेशंट. मुख्य कारकून मीच, त्यामुळे चूक कुणाच्या गळ्यात घालायचीही सोय नव्हती. मुकाट्याने बाणरावांना फोन लावला.

बाणराव म्हणजे आमचे संगणकवाले. अकरा वर्षांपूर्वी दोन दिवस टेबलांखाली रांगत त्यांनी आमची सगळी यंत्रं जोडून दिली आणि जे आपल्या गावी गेले, ते पुन्हा फिरकले नाहीत. काही बिघडलं की तिकडूनच बघायचे. "माउसवरून हात काढा," एवढं फोनवर म्हणायचे आणि आमच्या पडद्यावरचा बाण आपला आपण चालू लागायचा. म्हणून बाणराव. तो बाण एकटाच फिरताना बघून एका आजींनी रक्त द्यायला पुढे केलेला हात मागे घेतला होता. "आधी ह्याच्यातलं उतरवा, मग मला सुई टोचा!"

मी कबुली दिली. "भाऊसाहेब, वायर परत खोचा," बाणराव म्हणाले, "आणि पाय पोटाशी घेऊन बसत जा."

पडदे उजळले. पण मोठ्या डॉक्टरांचं समाधान झालं नाही. काही पुसलं तर गेलं नाही ना, हे बघायला त्यांनी सकाळपासून कोण कोण संगणकात शिरलं त्याची यादी उघडली. पहिलंच नाव ताईंचं. वेळ आठ वाजून दहा मिनिटं.

ताई आमच्या बाहेरच्या टेबलावर नंबर द्यायला बसायच्या. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती.

यादीत त्यांचं नाव येणार, हे मला ठाऊक होतं. त्या गेल्यापासून दवाखाना मीच उघडतो. कुलूप काढून आत यावं, तर ताईंच्या टेबलावरचा पडदा उजळलेला, त्यांच्या नावाने दिवसाची यादी उघडलेली आणि खुर्ची रिकामी. तीन वर्षं मी त्या खुर्चीला वळसा घालून गेलो. बोललो नाही कुणाला. पन्नाशीतल्या माणसाला भूत दिसलं की लोक त्याचा रक्तदाब मोजतात, आणि आमच्याकडे तर यंत्र हाताशीच.

डॉक्टरांनी फोन माझ्या हातातून घेऊन स्पीकरवर टाकला. "गेलेल्या बाईंच्या पासवर्डने आमच्या पेशंटची यादी कोण बघतंय?"

"मी," बाणराव म्हणाले.

"का?"

"रोज आठ वाजून दहा मिनिटांनी ताईंचा फोन यायचा. सगळं सुरू झालं म्हणून सांगायच्या. तो यायचा थांबला, तेव्हापासून मीच इथून सुरू करून बघतो. त्यांच्याच नावाने."

"आज ते नाव पुसा. नाहीतर मी दुसरा माणूस बघतो." फोन माझ्या हातात कोंबून डॉक्टर आत गेले.

मी हळूच विचारलं, "ताईंना कधी पाहिलं तरी होतंत का हो?"

"पाय पाहिले होते. टेबलाखालून. 'जपून, डोकं आपटेल,' म्हणाल्या. लगेच आपटलं."

मग बाण चालू लागला. नावाकडे नाही, आधी टिपणांकडे. ताई पेशंटच्या नावापुढे काहीबाही लिहून ठेवायच्या: 'उजव्या कानाशी बोला.' 'खिडकीजवळ बसवा, गुदमरतं.' 'घाई करू नका, बायको नुकतीच गेली.' बाण एकेक ओळ उचलून आमच्या सगळ्यांच्या यादीत नेऊन ठेवत होता. बाहेरून "अहो, आमचा नंबर आज आहे की उद्या?" असा ओरडा चालला होता. मी फक्त बघत बसलो.

शेवटी तो ताईंच्या नावावर येऊन थांबला. बराच वेळ थांबला. मग नाव गेलं.

तीन वर्षं ज्या खुर्चीला भ्यालो, तिच्यात आता खरंच कुणी नव्हतं, आणि मला जास्तच भीती वाटली. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "बाणराव, उद्या सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी काय करणार?"

"झोपणार."