पेठहून जम्मूला

नव्वदच्या दशकात नाशिकच्या स्टँडवर त्या मावशी मला एकदाच भेटल्या. पेठहून जीपने आल्या होत्या. काखेत नागलीच्या भाकरींचं गाठोडं. सैन्यातला मुलगा जखमी होऊन जम्मूच्या इस्पितळात पडला होता. वाचता येत नसल्याने त्या भेटेल त्याच्याकडून पुढची वाट कागदावर लिहून घेत होत्या, पुढच्या माणसाला दाखवायला. मी लिहिलं : मनमाडपर्यंत एसटी, तिथून थेट जम्मूची रेल्वे.

"एवढ्या लांब एकट्याच? भीती नाही वाटत?"

"वाटती ना भाऊ. पण त्यो बी तिकडं एकलाच हाय."

मी त्यांना मनमाडच्या गाडीत बसवलं. गाडी सुटता सुटता त्यांनी खिडकीतून तो कागद पुन्हा माझ्यापुढे धरला.

"येतानाची गाडी बी लिव्ह. दोघांची."

मी मागच्या बाजूला जम्मू ते मनमाड लिहिलं आणि खाली ठळक अक्षरांत 'दोन तिकिटं' असं घातलं.