पांढरं दिसलं आणि मी खूश झालो

एप्रिलच्या उन्हात मोताळ्याहून अंदमानला कोण जातं? मी गेलो, मुलीला परत आणायला. मयूरी नील बेटावर समुद्राखालचे मासे मोजायची नोकरी करते. आमच्या विहिरीत ती पोहायला शिकली तेव्हा तिच्या कमरेचा दोर माझ्या हातात होता. समुद्रात तो कोण धरणार, या विचाराने वर्षभर माझी झोप उडाली होती.

मलकापूरहून रेल्वेने कोलकाता, पुढे विमानाने पोर्ट ब्लेअर, मग नीलची फेरीबोट. तिकीट आधीच काढा आणि उलटीची गोळी बसण्यापूर्वी घ्या. मी नंतर घेतली, ती समुद्राला गेली. बेटावर शाकाहाऱ्यांनी डाळभाताची तयारी ठेवावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मयूरीच्या बोटीत बसलो.

"काऊन बाबा, भेव वाटून राह्यलं का?"

"मले कायचं भेव?" मी म्हणालो. दोन्ही हातांनी बोटीची कड धरली होती.

मोजपट्टी आणि पाटी घेऊन ती पाण्यात उतरली. आधी बुडबुडे दिसत होते, मग तेही दिसेनात. "आयेगी ना?" मी नावाड्याला तीनदा विचारलं.

ती वर आल्यावर जिवात जीव आला. तिचा डुबकीचा चष्मा लावून मी बोटीतूनच पाण्यात तोंड घातलं. खाली सगळं पांढरंशुभ्र!

"माय वो, इथं तं कापूस फुटला!"

मयूरी हसली नाही. "बाबा, ते प्रवाळ आजारी हाये. पाणी तापलं का त्याचा रंग जाते. लवकर थंड झालं तं वाचते, नाही तं मरते. मंग मासेही जातात." तिने पाटी दाखवली. "मागच्या खेपेले पोपटमासे मोजता मोजता थकली होती मी. आज दोनच दिसले."

तिचा आवाज कापत होता. इतका वेळ मला वाटत होतं, घाबरलेला मी एकटाच आहे.

परत चल, हे काही तोंडातून निघालं नाही. चार दिवस रोज तिच्यासोबत बोटीत गेलो आणि रोज घाबरलो.

आता दिवाळी तोंडावर आलीय. शेत पांढरं झालंय, वेचणी सुरू आहे. एरवी हे बघून मन भरतं, यंदा ते पांढरं प्रवाळ आठवतं. काल बांधावरूनच फोन लावला.

"रंग आला का वो?"

"काहीले आला."

"आन् बाकीचे?"

ती म्हणाली, "उद्या पुन्हा मोजाले उतरून राह्यली. फोन नाही लागला तं घाबरू नका."

मी हाव म्हणालो. फोन तेव्हापासून हातातच आहे.