चार छिद्रांचं कार्ड

भगवंतराव वानखडे एसटीतून निवृत्त झाले, पण कंडक्टरकी काही सुटली नाही. तिकिटाला छिद्र पाडायचा जुना पंच त्यांनी जपून ठेवला होता. वलगावात बाजारामागच्या मैदानावर ते वस्तीतल्या पोरींना फुटबॉल शिकवीत. कायदा एकच. शाळेत गेलं की त्या दिवसाचं कार्डावर एक छिद्र. आठवड्याची सहा छिद्रं भरली, तरच रविवारी सामना. या कायद्यानं कितीतरी पोरी शाळेत टिकल्या.

करिश्मा त्यांची गोलकीपर. काय तिची झेप! अकोल्याला निवडीचा सामना होता. निवडलेल्या पोरींना निवासी शाळेत बारावीपर्यंतचं शिक्षण फुकट. करिश्माच्या आईनं, पार्वताबाईनं, आधीच बजावलं होतं, "पोरगी निवडली तं शिकन. नाही तं ती मामासंगं वीटभट्टीवर जाईन. मले एकटीले नाही होत आता."

रविवारी सकाळी गाडी उभी होती. करिश्मानं कार्ड पुढं केलं. छिद्रं चारच.

"दोन दिवस कुठं होती वं?"

"मायले ताप होता, सर. तिच्या जागी कापूस वेचाले गेलती."

मागून रागिणी ओरडली, "मारा ना सर दोन छिद्रं! कोन पाह्यते?"

"मी पाह्यतो ना!"

पंच हातातच होता. तीस वर्षांत त्यांनी सख्ख्या भावालाही बिनतिकीट बसवलं नव्हतं. "पुढच्या वर्षी, बेटा," ते म्हणाले आणि सवयीनं गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या. गाडी निघाली. करिश्मा बूट हातात घेऊन रस्त्यावर उभी राहिली.

अकोल्यात तिच्या जागी रागिणी उभी राहिली. संघावर सात गोल झाले. कोणाचीच निवड झाली नाही.

मंगळवारी भगवंतराव वस्तीत गेले. पार्वताबाई दारातच बसली होती.

"गेली. कालच."

"कोणती भट्टी? मी आणतो तिले."

"आता काहून?" तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "हे घ्या. सरले दे म्हने."

तेच कार्ड होतं.

मैदानावर पोरी रांगेत उभ्या होत्या, कार्डं पुढं करून. भगवंतरावांनी पंच काढला आणि करिश्माच्या कार्डावर दोन छिद्रं मारली. कट्. कट्.

"कोनाचं हो सर हे?" रागिणीनं विचारलं.

त्यांनी ते कार्ड खिशात ठेवलं. तिनं आपलं कार्ड पुढं सरकवलं. त्यांचा हात काही उचलेना.