ठमाबाईला काय दिसत नाही

धरमतरच्या खाडीकाठी मिठागरात तीस वर्षं राबता राबता ठमाबाईचे डोळे हळूहळू गेले. नवरा आधीच वारलेला. पण आपल्याला दिसत नाही, हे ती कुणाला कळू देईना. पावलं मोजून पाणी आणायची, हाताच्या अंदाजाने भाकरी थापायची. शेवटी पोटापायी तिने अपंग पेन्शनचा अर्ज केला, तोही त्यातूनच अडला. चौकशीला आलेल्या माणसाने तिला चुलीशी बघितलं आणि लिहून टाकलं, बाई सगळी कामं करते. डॉक्टरांचा दाखला असूनही सुनावणीचं बोलावणं आलं.

शेजारच्या इंदुबाईने मनावर घेतलं. अंगणवाडीतलं आपलं काम आटोपलं की ती सुनावणीचा साहेब होऊन ठमाबाईसमोर बसायची.

"बाई, तुम्हाला काय काय जमत नाही?"

"सगलं जमतं."

"काकी, असं बोललीस तर झालंच मग!"

गल्लीतल्या एकीने सुचवलं, कचेरीच्या दाराला मुद्दाम धडकायचं. ठमाबाई भडकली. "सोंग नाय करायची मी!"

"सोंग तर तू इतकी वर्षं करतेस गो," इंदुबाई हळूच म्हणाली. "आता खरं सांग."

ठमाबाईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग एकेक बाहेर पडलं. काट्याच्या भीतीने दोन वर्षं मासळी तोंडात घातली नव्हती. भाचीच्या लग्नात लुगडं उलटं नेसून मिरवली. बायका हसल्या तेव्हा कळलं. एकदा पेणच्या स्टँडवर चुकीच्या गाडीत चढून थेट रोह्याला पोचली, आणि लाजेपायी कुणाला न विचारता संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहिली.

इंदुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. भिंतीला भिंत लागून घर, तरी तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिने सगळं वहीत उतरवलं आणि आठ दिवस ठमाबाईकडून वदवून घेतलं.

सुनावणीत साहेबांनी पहिलंच विचारलं, "स्वयंपाक कोण करतं?"

"मीच करते."

इंदुबाईने मागून तिचा पदर ओढला.

"घरातला डबा न डबा मीच मांडलाय, सायेब. तुमची कचेरी मी मांडलेली नाय. खुर्ची कुठं हाय ते या इंदूने सांगितलं, म्हणून बसले." मग रोह्याची हकीकतही तिने मान खाली न घालता सांगितली.

साहेबांनी दाखला पुन्हा वाचला आणि अर्ज मंजूर केला.

बाहेर आल्यावर ठमाबाईने इंदुबाईचे दोन्ही हात धरले. "तू इचारलंस म्हणून बोलले गो. नायतर तशीच मेले असते."

त्यानंतर बाजाराला निघताना ती ओट्यावरून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारायची, "इंदू, चल गो! मला दिसत नाय!"