मागच्या स्पीकरमधली टकटक

दिवाळीत मी घरात होम थिएटर आणलं, तेव्हा ते घरात कोणालाच आवडलं नाही. ऐकायच्या आधीच आवडलं नाही. माझ्या शिवणकामाच्या कमाईतून आणलं, म्हणून तर जास्तच आवडलं नाही. टीव्हीखाली ठेवायची लांब पट्टी, दणके देणारा एक डबा आणि पाठीमागच्या भिंतीवर लावायचे दोन छोटे स्पीकर. त्या दोघांना टीव्हीकडून वायर नाही, आवाज हवेतून येतो. दुपारची जेवणं उरकली की मी दार लोटून सिनेमा लावायची. पाठीमागून कोणी चालत आल्यासारखं वाटायचं आणि मी मान वळवून बघायची. मला वेड लागलं होतं म्हणा ना!

आमचं घर शेलूबाजारच्या अलीकडे, शेताला लागून. एका अंगणात दोन घरं, एक आमचं आणि एक भासऱ्यांचं, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाचं. आमच्या घरात धाकट्या भावाच्या बायकोने भासऱ्यांशी थेट बोलायचं नाही. माझी मुलं कॉलेजात गेली तरी ही पद्धत काही गेली नाही. मी दोन हातांवर उभी असायची आणि भासरे नवऱ्याला म्हणायचे, "तिले सांग, चहात साखर कमी टाक." मी नवऱ्याला म्हणायची, "त्यांना सांगा, साखर संपलीच आहे." मध्ये नवरा उभा, दोन्हीकडे मान हलवत. एवढ्या वर्षांत मला याचा कंटाळा यायचा, पण राग असा आला नव्हता. तो या स्पीकरने आणला.

पंधरा-वीस दिवस सगळं छान चाललं. मग मागच्या दोन स्पीकरमधून खरखर यायला लागली आणि त्या खरखरीत एक टकटक. टक... टक... टक. हिरॉईन मरायला टेकली आहे आणि टक. कंपनीला फोन केला. आधी गाणं ऐकवलं, मग एका मुलीने फार गोड आवाजात सांगितलं, मॅडम, वायफायचा डबा लांब ठेवा. ठेवला. स्पीकर बंद करून पुन्हा जोडा. जोडले. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. ठेवला. दुसऱ्या दिवशी दुसरी मुलगी आणि तेच पहिल्यापासून. तिसऱ्यांदा मी म्हटलं, "बाई, तुमच्याकडे एकच कागद आहे का गं सगळ्यांत मिळून?" तिने गाणं लावून दिलं.

वाशीमचा दुकानदार म्हणाला, डबा घेऊन या, पाहू. येऊन बघायचं नाव नाही. नवरा म्हणाला, "कायले लागते तुले मागून आवाज? समोरचा येते ना?" भासऱ्यांनी अंगणातूनच त्याला ऐकवलं, "म्हणा तिले, ते भोंगे विकून टाक."

त्याच दिवसांत हरभऱ्यात रानडुकरं शिरायला लागली. सकाळी पाहावं तर धुऱ्याकडचा, म्हणजे बांधालगतचा पट्टा नांगरल्यासारखा. शेताभोवती तार होती, तारेला बॅटरीवरचं झटका मशीन होतं. थांबून थांबून तारेत झटका सोडतं, जनावर शिवलं की पळतं. रोही, म्हणजे नीलगाई, दिवसाही येतात, म्हणून ते बंद होत नसे. मशीन आमच्या मागच्या दारासमोरच्या खोलीत, तिची किल्ली भासऱ्यांकडे. तिथे दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. मग डुकरं आली कशी? भासऱ्यांनी लगेच ठरवलं, सालदार झोपतो.

आमचा सालदार वर्षाच्या बोलीवर राबणारा माणूस, राखणीलाही तोच. भासऱ्यांनी त्याला स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर, दहा माणसांत म्हटलं, "झोपून राह्यला, भडव्या, अन् आमचं शेत डुकराईनं खाल्लं." आठवड्याने काढून टाकतो म्हणाले. साल अर्ध्यावर असताना चोरीचा किंवा झोपेचा ठपका ठेवून काढलेल्या माणसाला आमच्या भागात पुन्हा कोणी सालावर ठेवत नाही. तो आमच्या दारात येऊन मला म्हणाला, "बाई, डोळ्याले डोळा नाही लावला मी. डुकरं तार ओलांडून येतात, मी बोंबलत पळतो, तवर ते खाऊन जातात." मी काय करणार होते? भासऱ्यांशी बोलायची सोय नाही.

आठवडा भरला त्या दिवशी दुपारी टकटकीला चिडून मी घरचा मेन स्विचच पाडला. टीव्ही आणि स्पीकर इन्व्हर्टरवर, बाकी फ्रिज, पंखे, वायफाय, सगळं बंद. टकटक तशीच. म्हणजे आवाज आमच्या घरातला नव्हताच. मागचं दार उघडलं आणि उभी राहिले. मशीनच्या खोलीतून बारीक आवाज येत होता. टक. माझ्या मागे स्पीकरमध्ये टक. दोन्ही एकाच वेळी.

मी तशीच तारेच्या कडेने चालत गेले. हरभऱ्याला पाणी चालू होतं, धुऱ्यावर गवत मांडीएवढं वाढलेलं आणि ओलंचिंब. एका लोखंडी खांबाजवळ तार गवतात पडली होती. तिथे सावलीत निळी ठिणगी उडत होती. टक. टक. सगळा झटका तिथेच जमिनीत उतरत होता आणि प्रत्येक ठिणगीची टकटक हवेतून माझ्या स्पीकरमध्ये शिरत होती. पलीकडच्या तारेत काय उरणार होतं? डुकरं तिकडूनच येत होती.

नवऱ्याला सगळं नीट समजावलं. तार गवताला लागली आहे, झटका शेवटपर्यंत पोचत नाही, सालदाराची चूक नाही, दादांना आत्ताच सांगा. तो गेला. मी खिडकीमागून ऐकत होते. तो म्हणाला, "दादा, तिचे स्पीकर बराबर वाजून नाही राह्यले. मशीन जराशी बंद ठेवता येते का, म्हणते."

भासरे ओरडले, "सिनेम्यासाठी मशीन बंद करू? अन् शेत डुकराले देऊ? तिच्या भोंग्यानंच मशीन बिघडली असन!"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. एवढं सांगून हा माणूस एवढंच घेऊन गेला! समोर सालदार घोंगडी खांद्यावर टाकून उभा होता. त्याला हिशेबाला बोलावलं होतं. मी स्पीकरचा आवाज होता नव्हता तेवढा वाढवला, दार सताड उघडलं आणि अंगणात आले.

"भाऊजी," मी म्हटलं.

नवऱ्याचं तोंड उघडंच राहिलं. भासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "तिले म्हणा, आत जाय," ते भावाला म्हणाले.

"मलेच म्हणा. मी इथंच उभी आहे. अन् हे ऐका." टकटक अख्ख्या अंगणात घुमत होती. "आता तुमची मशीन बंद करा."

का कोण जाणे, त्यांनी केली. टकटक थांबली. पुन्हा चालू केली, पुन्हा टक. मग मी पुढे चालायला लागले आणि ते तिघे मागे आले. खांबापाशी ठिणगी दाखवली. पुढे जिथे डुकरांच्या खुरांचा चिखल झाला होता, तिथे भासऱ्यांनी आधी गवताची काडी तारेला लावली, मग बोट, मग अख्खी मूठ. काहीच झालं नाही. ते तार हातात धरून नुसते उभे राहिले.

सालदार म्हणाला, "मालक, गवत कापू का म्हणून मी विचारलं होतं. बैलाले चारा होते, राहू दे म्हणले तुमी."

भासरे नवऱ्याकडे वळले. "त्याले सांग, गवत कापून टाक. अन् कामावर राह्य म्हणा."

त्याले सांग! तीन हातांवर उभ्या असलेल्या माणसाला! मी म्हटलं, "थेट सांगा, भाऊजी. झोपला म्हणलं, तवा थेटच म्हणलं होतं."

त्यांनी हातातली तार सोडली. मग तारेकडे बघत भासरे म्हणाले, "तू झोपला नव्हता."

सालदाराने घोंगडी खाली ठेवली. "इथं कोण आहे मालक ऐकाले? टपरीवर म्हणा. तिथंच म्हणलं होतं तुमी."

गवत कापलं, तार ताणली, डुकरं थांबली. माझे स्पीकर स्वच्छ वाजतात. सालदार कामावर येतो, पण टपरीवर चहाला थांबत नाही, मान खाली घालून पुढे जातो. भासरे अजून तिथे काही बोललेले नाहीत. मी मात्र रोज सकाळी अंगणात त्यांच्यासमोर उभी राहून, मध्ये कोणालाही न घेता विचारते, "भाऊजी, आज जाता का टपरीवर?"