पासपोर्टच्या फोटोतलं गोंदण

धाकटी लेक मस्कतला होती आणि तिला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण, तिथं घरचं कोणी नाही. मी जायचं ठरलं, म्हणजे पासपोर्ट हवा. मुलगा अर्ज भरायला बसला. मध्येच थांबून त्यानं विचारलं, "ओळखीची खूण काय लिहू?"

"आंधळा हाय का? कपाळ बघ."

त्यानं लिहिलं, कपाळावर गोंदण. एक उभी रेघ, बाजूला दोन ठिपके. मी सात-आठ वर्षांची असताना जत्रेत गोंदलेलं. पुढे त्यावर कुंकू आलं. नवरा गेला तेव्हा कुंकू गेलं, गोंदण राहिलं.

फोटो बाजारातल्या स्टुडिओत काढला. फोटोवाला म्हणाला, "मावशी, एकदम छान करून देतो." आठ फोटोंचं पाकीट मी न उघडता पिशवीत टाकलं. आपलंच तोंड, त्यात काय बघायचं?

कचेरीत खिडकीतल्या बाईंनी फोटो पाहिला, अर्ज पाहिला, मग मला पाहिलं.

"आजी, या कोण?"

"मीच."

"मग गोंदण कुठंय?"

तेव्हा मी फोटो हातात घेतला. त्यातली बाई गोरीपान होती. गालाला सुरकुती नाही, कपाळ पुसलेल्या पाटीसारखं स्वच्छ. फोटोवाल्यानं कॉम्प्युटरवर मला घासूनपुसून काढलं होतं. परतताना त्याला विचारलं, तर म्हणतो कसा, "सगळ्या बायका हेच सांगतात, मावशी." मी सांगितलं नव्हतं. खिडकीतल्या बाईंनी सोमवारी दुसरा फोटो आणायला सांगितला होता, नाहीतर अर्ज मागं पडणार होता. लेकीचं पोट काही थांबणार नव्हतं.

मुलानं सातपूरच्या कंपनीतल्या मित्राचा डिजिटल कॅमेरा आणला. रविवारी सकाळी सुनेनं ओट्यावरच्या भिंतीला पांढरी चादर लावली आणि मला स्टुलावर बसवलं. नियमांचा कागद ती मोठ्यानं वाचत होती. मागं सावली नको, दोन्ही कान दिसावेत, हसू नये.

"कानाचं त्यांना काय करायचंय?" मी विचारलं. कोणालाच माहीत नव्हतं. मला अजून कळलेलं नाही.

पहिला फोटो काढून सून हसतच सुटली. "आत्याबाई, नुसतं तोंड तरंगतंय!" मी नेहमीचं पांढरं लुगडं नेसले होते. डोक्यावरचा पदर चादरीत मिसळून गेला होता. तिनं दबकत विचारलं, "माझी जांभळी साडी नेसता का?" विधवेला गडद रंग नेसा असं कसं म्हणायचं, म्हणून ती दबकली. मी म्हटलं, "आण."

दुसऱ्यात भिंतीवर सावली पडली. स्टूल हातभर पुढं घेतलं. तिसऱ्यात कान पदरात. लग्नापासून पदर कानांवरून घ्यायची सवय. हात आपोआप तिथंच जातो. पदर कानांमागं खोचला, तर सून म्हणाली, "आता हसू नका हं." हे ऐकून मला हसू आलं. तो चौथा फोटो वाया गेला. पाचवा जमला.

तिनं कॅमेऱ्यावरच फोटो मोठा करून दाखवला. माझं कपाळ एवढं जवळून मी कधी पाहिलं नव्हतं.

"रेघ तिरकी हाय का गं?"

"तिरकीच हाय की. पहिल्यापासून."

"मग कुणी सांगितलं का नाय?"

"आम्हाला काय माहीत, तुम्हाला माहीत नाय ते! पुसू का? यातही पुसता येतं म्हणे."

"हात तोडीन."

गोंदणारीचा हात हलला की मी हलले, याचा मी दिवसभर विचार करत होते. बहुतेक मीच हलले असणार.

सोमवारी खिडकीतल्या बाईंनी फोटो उजेडात धरला. "हां, आता आलात तुम्ही," म्हणाल्या आणि अर्ज घेतला.

दीड महिन्यानं मस्कतच्या विमानतळावर काचेमागच्या माणसानं पासपोर्ट उघडला आणि स्वतःच्या कपाळाला बोट लावून खूण केली. मी पदर मागं सारला. त्यानं शिक्का मारला.

बाहेर लेक पोट सांभाळत उभी होती. अजून मोकळी झाली नव्हती. तिनं आधी पासपोर्टच मागून घेतला.

"आई, केवढी रागावलेली दिसतेस गं!"

"हसायचं नाय असं लिहिलं होतं," मी म्हटलं. "बॅगेला हात लावू नकोस. डॉक्टरनं कधीची तारीख दिलीय ते सांग."