सरांचा अंतरपाट

"आज जावईबापू आलेत," असं म्हणून सर डाव्या हाताची दोन बोटं कॉलरच्या आत, उजवीकडच्या गळ्याखालच्या हाडावर अलगद ठेवायचे.

सरांना मुलगी नव्हती, मुलगाही नव्हता. तरी जावई होता. तो न कळवता यायचा, चार दिवस म्हणून महिनाभर मुक्काम ठोकायचा, त्याच्यापुढे कुणाचं काही चालायचं नाही, आणि मनात येईल तेव्हा निघून जायचा. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी असा खराखुरा जावई आहे त्यांना जास्त सांगायला नको.

सर म्हणजे इंदूरला स्नेहलतागंजात आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे गणिताचे मास्तर. एका कोचिंग क्लासमध्ये शिकवायचे. आख्खी बिल्डिंग त्यांना सर म्हणायची आणि माझी मुलगी सई सरकाका. उंची अशी की आमचा जिना चढताना मान वाकवावी लागे. चाळिशी ओलांडली आणि त्यांचं ते हाड छातीजवळ सुजायला लागलं. पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं हृदय. ते ठणठणीत निघालं. मग गॅस झाला, मानेचे मणके झाले, कुणीतरी हाडाचा क्षय म्हणून कितीतरी महिने त्या गोळ्या चारल्या. शेवटी एका डॉक्टरांनी हळूच विचारलं, घरी काही टेन्शन आहे का. रिपोर्ट चांगले आणि दुखणं खरं, अशा माणसाकडे लोक कसे बघतात ते तुम्हीही पाहिलं असेल.

मग एका संध्याकाळी ते गरम जिलब्यांचा पुडा घेऊन आमच्या दारात उभे.

"खा भिया, आज बारसं झालं."

एका डॉक्टरीणबाईंनी सगळे फोटो पुन्हा पाहून सांगितलं होतं की हाडाला आतून सूज येते, जंतूबिंतू काही नाही, शरीर आपलं आपणच ती आणतं. फार थोड्यांना होतं. पूर्ण जात नाही, पण आवरता येतं. न जाणाऱ्या आजाराची जिलबी मी तेव्हाच पहिल्यांदा खाल्ली. सर मात्र खरोखर खूश होते. आपण खोटं बोलत नव्हतो हे एवढ्या वर्षांनी कुणीतरी कागदावर लिहून दिलं होतं. आजाराचं इंग्रजी नाव फार लांबलचक होतं. ते म्हणताना सरांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, दोनदा अडखळल्या, तेव्हा सरांनी तिथल्या तिथे घरगुती नाव ठेवून टाकलं, जावईबापू.

इंदुरात माणूस भेटला की पाठीवर थाप पडते, आणि मिठी तर हक्काचीच. सर लांबूनच हात जोडायचे. लोकांना वाटायचं, मास्तरला शिंगं फुटली. "एकदम फिट दिसताय," असं कुणी म्हणालं की, "हां, दिखने में तो हूं," एवढंच म्हणायचे. गाडीत बसले की सीटबेल्टखाली नॅपकिनची घडी. शर्टाची उजवी बाही वहिनी चढवून द्यायच्या. रविवारी पोह्यांच्या ठेल्यावर उभं राहून प्लेट धरता यायची नाही, म्हणून ती माझ्या स्कूटरच्या सीटवर ठेवून खायचे, आणि सोमवारी ऑफिसला निघताना सीटवरची शेव मी झाडायचो. क्लासमध्ये ते फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागातच लिहायला लागले. मागच्या बाकावरची मुलं काही न बोलता पुढे येऊन जमिनीवर बसायची.

सदा हसतमुख वगैरे ते नव्हते, बरं का. काही दिवस असे जायचे की दार वाजवलं तरी उघडायचे नाहीत. मग वहिनी आतून सांगायच्या, "भाऊजी, आज नको." आणि मी खाली यायचो.

अधिक महिना आला. त्या महिन्यात जावयाला अनारसे देतात. माझ्या बायकोने तबकात अनारसे आणि निरांजन घेतलं आणि सरळ वरच्या मजल्यावर गेली. "जावयाचं वाण आणलंय," म्हणाली. सर टोपी घालून पाटावर बसले, शर्टाचं वरचं बटण काढलं आणि त्या हाडाला कुंकू लावून घेतलं. वहिनी हसता हसता पदराने डोळे पुसत होत्या. "आता तरी इज्जतीत राहा," सरांनी हाडाला बजावलं. अनारसे त्यांनीच संपवले. जावईबापू दुसऱ्याच दिवशी हजर.

आता अंतरपाटाचं सांगतो. उंचीमुळे आमच्या ओळखीतल्या प्रत्येक लग्नात अंतरपाटाचं एक टोक सरांच्या हातात असायचं. त्यांनी धरलेला अंतरपाट कधी खाली यायचा नाही, नवरा-नवरीला चोरून बघायची सोय नसायची. सई लहान असताना एका लग्नात त्यांच्या पायाशी उभी होती. "माझा पण तुम्हीच धरायचा," म्हणाली. "पक्का," सर म्हणाले. पुढे हाडाचं सुरू झालं आणि लग्नांत सर खुर्चीवर दिसू लागले. सईला दिलेला शब्द तेवढा शिल्लक होता.

सईने मुलगा पसंत केला तो गौतमपुऱ्याचा, शेतीवाल्या घरातला, आणि सरांच्या तोडीस तोड उंच. सरांनी त्याला वरून खालपर्यंत पाहिलं.

"सई, थोडा छोटा नाही मिळाला का गं तुला?"

सगळे हसले. पण सर दुसऱ्या दिवसापासून तयारीला लागले. वहिनींनी एकदा पाहिलं तर टॉवेलचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधून दुसरं टोक वर धरून हा माणूस स्वयंपाकघरात उभा, चेहरा घामाने भिजलेला. त्या माझ्याकडे आल्या. "भाऊजी, तुम्हीच नाही म्हणा त्यांना. माझं ऐकत नाहीत."

मी वर गेलो. डेकोरेशनवाला पाइपचा स्टँड देतो म्हणतोय, त्याला कापड अडकवू, असं आपलं सुचवलं. एवढ्या वर्षांत सर माझ्यावर एकदाच चिडले, ते तेव्हा.

"मग मला कशाला बोलावता? पाइपलाच पत्रिका द्या." थोड्या वेळाने आवाज उतरला. "भिया, हा जावई मला सगळ्याला नाही म्हणायला लावतो. पोरीला हां बोललोय मी."

मी पाइप रद्द केला.

लग्नाच्या सकाळी जावईबापू आलेच. सर मांडवात आले तेव्हा दोन बोटं हाडावर होती. दुसरं टोक गुरुजींनी धरलं, सरांनी आपलं उचललं आणि मंगलाष्टकं सुरू झाली. गुरुजींची आटोपली. मग माझी बहीण उठली. सईच्या या आत्याने स्वतः मंगलाष्टकं रचली होती, त्यात दोन्हीकडच्या प्रत्येक नातेवाइकाचं नाव होतं, आणि तिने तो कागद लॅमिनेट करून आणला होता.

तिच्या तिसऱ्या कडव्याला सरांकडचं टोक थरथरायला लागलं. मग कापड उतरू लागलं. पलीकडे नवऱ्याचं कपाळ दिसलं, मग भुवया. सरांनी दात आवळले होते. माझ्या हातातल्या अक्षता मुठीत भिजल्या. पुढे होऊन ते टोक धरावं असं वाटत होतं, आणि धरलं असतं तर सरांनी मला जन्मात माफ केलं नसतं.

सईने डोळे मिटून घेतले. आणि पलीकडचं कपाळ हळूहळू खाली गेलं. आधी मला कळेना. मग बाजूने पाहिलं तर तो उंचापुरा मुलगा, फेट्यासकट, गुडघे वाकवून खाली बसल्यासारखा झाला होता. "काकाजी, आराम से," तो हळूच म्हणाला. "और नीचे चलेगा." सईनेही शालूत गुडघे वाकवले. पाव्हण्यांना वाटलं पोरं मस्करी करतायत, हशा पिकला. सरांचे हात छातीपर्यंत आले आणि तिथे स्थिर राहिले. आत्याने सगळी कडवी म्हटली, एकही नातेवाईक सोडला नाही. अंतरपाट शेवटपर्यंत सरांच्याच हातात होता.

जेवताना ते माझ्या शेजारी बसले. डाव्या हाताने चमचा धरला होता. "पोरगा चांगला आहे," म्हणाले.

आता वरच्या मजल्यावर दुसरे लोक राहतात. सर आणि वहिनी नागपूरला वहिनींच्या भावाजवळ गेले. तिथे इंजेक्शनं चालू आहेत, बरे दिवस वाढलेत असं फोनवर सांगतात. रविवारी माझी स्कूटर स्वच्छ असते आणि मला ते आवडत नाही.

आमच्या बैठकीत सईच्या लग्नाचा एक मोठा फोटो आहे. फोटोग्राफरने बाजूने काढलाय. सरांचं डोकं चौकटीबाहेर गेलंय, नुसते दोन हात दिसतात आणि हातांत कापड. अलीकडे सई, पलीकडे तिचा नवरा, तिच्या खांद्याएवढा. नवीन माणूस घरी आला की चहा पिता पिता हमखास विचारतो, जावई इतका बुटका आहे का.

मी म्हणतो, त्या दिवशी होता.